टबमनबाईंचे युद्ध एकपात्री नव्हते

अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी लढ्यातील अग्रणी हॅरिएट टबमन १८५० च्या दशकात फिलाडेल्फियातील एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाचे काम करीत होत्या, तेव्हा शहरात ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीवर बेतलेल्या नाटकाचे प्रयोग अनेक आठवडे रोज रात्री चालू होते. हॉटेलातील सोबतच्या नोकरमाणसांनी त्यांना नाटकाला चलण्याचा आग्रह केला आणि टबमनबाईंनी साफ नकार दिला. माझ्या माणसांचे हाल खेळून दाखवलेले पाहायला माझे मन घेत नाही. खरे काय ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, ते आता कोणत्याही थेटरात पाहायचे नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर त्यांच्या पहिल्या चरित्रकार सारा ब्रॅडफर्ड यांनी नोंदवून ठेवले आहे. त्या काळी या नाटकातील काळ्या माणसांच्या भूमिका बहुधा गोरे नट तोंडाला काजळी फासून करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे नकारामागचा संताप अधिक कळतो. पण बाईंची हरकत केवळ काजळीला नव्हती. दुःखाचा खेळ मांडून ते तिकिटावर दाखवण्यालाच होती.

आज त्या स्वतःच नाटकाचा विषय झाल्या आहेत. अमेरिकेत त्यांच्यावर संगीतिका झाल्या, बालनाट्ये झाली, आणि दर फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळला जातो तेव्हा शाळा, ग्रंथालये, चर्च आणि वस्तुसंग्रहालये येथे त्यांच्या आयुष्यावरचे एकपात्री प्रयोग होतात. या प्रयोगांचा साचा बहुतेक ठरून गेलेला आहे. डोक्याला फडके, अंगावर शाल, हातात कंदील. मेरीलँडमधील गुलामीतले बालपण, मुकादमाने दुसऱ्यावर भिरकावलेले वजन डोक्यात बसून झालेली आणि जन्मभर पुरलेली इजा, १८४९ चे पलायन, आणि मग ज्या गुप्त साखळीला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत तिच्यावरून आपल्या माणसांना सोडवून आणण्याच्या रात्री. पाऊण तासाच्या प्रयोगातील शेवटची काही मिनिटे उरतात ती गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिण आणि तिच्याविरुद्ध उभी राहिलेली उत्तर यांच्यातील यादवी युद्धाला, आणि तीही ‘त्या हेर होत्या, परिचारिका होत्या’ अशा दोन-चार वाक्यांत आटोपतात.

हा क्रम उलटा करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. १८६२ ते १८६५ ही टबमन यांच्या युद्धकार्याची वर्षे रंगभूमीसाठी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सकस वर्षे आहेत, कारण त्यांत हालअपेष्टांपेक्षा काम अधिक आहे. आणि तो काळ एका नटीच्या खांद्यावर पेलवणारा नाही, कारण ते काम त्यांनी एकटीने केलेलेच नव्हते. एकपात्री रूपात तो काळ बसवायला जावे तर काही गाळावे लागते, आणि जे गाळले जाते तेच नेमके त्यांच्या सरकारनेही गाळले होते.

एकपात्रीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. तो स्वस्त असतो, एका गाडीत मावतो, शाळेच्या सभागृहात विनासायास उभा राहतो. शिवाय त्याला त्या चळवळीतच परंपरा आहे. गुलामीतून पळून आलेले लेखक विल्यम वेल्स ब्राउन यांनी १८५८ साली छापलेले आपले नाटक व्यासपीठावर उभे राहून, सगळ्या भूमिका स्वतःच वाचून दाखवले होते. तसेच गुलामीतून पळून आलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांची व्याख्याने ज्यांनी ऐकली, त्यांनी त्यांच्या नकलांचे आणि आवाजाच्या फिरतीचे वर्णन केले आहे. खुद्द टबमनबाई १८५९ च्या ४ जुलैला मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमच्या सभेत उभ्या राहिल्या आणि आपली हकीकत सांगून त्यांनी सभा जिंकली. तेव्हा एकट्या माणसाने श्रोत्यांपुढे उभे राहून गुलामगिरीची साक्ष देणे यात मुळात गैर काही नाही. माझा आक्षेप साक्षीला नाही. युद्धाच्या काळात साक्षीदाराची जागा सोडून बाई मोहिमेच्या आखणीत शिरल्या, आणि तरीही आपण त्यांना कंदील घेऊन एकटेच उभे ठेवतो, याला आहे.

१८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. मळेवाले घरदार टाकून पळाले आणि त्यांची सुमारे दहा हजार गुलाम माणसे मागे राहिली. ती कायद्याने अजून स्वतंत्र नव्हती, पण त्यांचा धनीही आता समोर नव्हता. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांच्या पुढाकाराने टबमन १८६२ साली तेथे, ब्यूफर्ट गावी, पोहोचल्या. आमांश आणि देवीच्या साथीत त्यांनी सैनिकांची आणि निर्वासितांची शुश्रूषा केली, मुळ्या-पाल्याचे काढे दिले. त्यांना मिळणाऱ्या सरकारी शिध्यावरून निर्वासितांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्यांनी शिधा घेणे सोडले आणि पोटासाठी स्वतःची भट्टी पेटवली. दिवसभर रुग्णालयात राबून आल्यावर रात्री पन्नासएक ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), भरपूर जिंजरब्रेड आणि दोन पिंपे रूट बिअर तयार करायची, आणि दुसऱ्या दिवशी आपण रुग्णांपाशी असताना एखाद्या निर्वासिताला मजुरी देऊन तो माल छावणीत विकायला पाठवायचा, असा त्यांचा उद्योग होता. सरकारकडून हाती आलेले २०० डॉलर त्यांनी धुलाईघर उभारण्यात घातले, तेथे निर्वासित बायकांना सैनिकांचे कपडे धुऊन चार पैसे कसे मिळवायचे हे शिकवले.

आता हे सगळे एकटी नटी कसे दाखवणार? ‘मी रात्रभर पाय भाजत असे’ हे वाक्य ती म्हणेल. प्रेक्षक मान डोलावतील. पण या प्रसंगातले खरे नाट्य त्या कुजबुजीत आहे. उत्तरेतून आलेली, साहेबलोकांच्या ओळखीची, वेगळ्याच बोलीत बोलणारी ही बाई कोण, असा प्रश्न ज्यांना पडला त्या माणसांत ते आहे. खुद्द टबमन यांनी पुढे सांगितले की, तिकडच्या लोकांना माझे बोलणे ऐकून हसू येई आणि त्यांचे बोलणे मला मुळीच कळत नसे. एवढेच नव्हे, एका गोऱ्या अधिकाऱ्याने ‘तुमची माणसे’ असा शब्द वापरला त्यावर, ती जितकी तुमची तितकीच माझी, आम्ही सारे काळे एवढाच काय तो संबंध, असा शेराही त्यांनी आपल्या म्हातारपणी मारल्याची नोंद आहे. रंग एक म्हणून माणसे आपोआप एक होतात, हा समज मोडून काढणारी ही साक्ष आहे. विश्वास त्यांना मिळवावा लागला, धुलाईघर चालवून, शिधा सोडून. ज्या रंगमंचावर दुसरे माणूसच नाही, तेथे अविश्वास कोणाचा दाखवायचा?

कंबी नदीवरच्या मोहिमेबाबत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १८६३ च्या १ जूनच्या रात्री ब्यूफर्टहून तीन बोटी निघाल्या. त्यांतील एक वाटेत गाळात रुतली आणि दोन पुढे गेल्या. बोटींवर कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या हाताखालील ‘सेकंड साउथ कॅरोलायना’ या कृष्णवर्णीय पलटणीचे सुमारे ३०० सैनिक होते, आणि टबमन व त्यांचे वाटाडे होते. नदीत पाणसुरुंग कोठे पेरले आहेत, पहारे कोठे आहेत, कोणत्या धक्क्यावर कोण वाट पाहत असेल, ही खबर या टोळीने आधीच काढून ठेवली होती. २ जूनच्या पहाटे बोटींचे भोंगे वाजले आणि भातखाचरांत कामाला जुंपलेली माणसे बांधांवरून नदीकडे धावत सुटली. दोन्ही तीरांवरचे वाडे, भाताच्या गिरण्या, कोठारे सैनिकांनी पेटवून दिली. त्या एका दिवसात सातशेहून अधिक माणसे मुक्त झाली.

टबमन यांनी सांगितलेले या पळापळीचे वर्णन ब्रॅडफर्डबाईंच्या पुस्तकात आहे आणि ते वाचून कोणत्याही दिग्दर्शकाच्या तोंडाला पाणी सुटावे. एका बाईच्या डोक्यावर बादली, तिच्यात चुलीवरून नुकताच उतरवलेला वाफाळता भात. पाठीवर लटकलेले पोर एका हाताने आईचे कपाळ धरून दुसरा हात बादलीत घालून भात खात आहे. झग्याला आणखी दोन-तीन पोरे लोंबकळत आहेत आणि पाठीवरच्या पोत्यात डुक्कर. दुसऱ्या एकीने दोन डुकरे आणली, एक पांढरे, एक काळे. बोटीवर त्यांचे बारसे झाले, पांढऱ्याचे नाव दक्षिणेचा सेनापती बोरेगार्ड आणि काळ्याचे दक्षिणेचा अध्यक्ष जेफ डेव्हिस. या गडबडीत एका आजारी बाईची डुकरे उचलून धावताना टबमन यांचा पाय स्वतःच्याच झग्यात अडकला आणि झगा पार फाटला. त्यानंतर महिन्याभराच्या आत त्यांनी बॉस्टनला पत्र लिहवून घेतले, त्यात मोहिमांवर घालण्यासाठी जाड्याभरड्या कापडाचा ‘ब्लूमर’, म्हणजे तुमानीचा पोशाख, पाठवा अशी मागणी केली. कंदील-शालीच्या साच्यात या तुमानीला जागा कशी नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

बोटी भरल्या, तरी तीरावर माणसे उरली आणि त्यांनी होड्यांच्या कडा घट्ट धरून ठेवल्या. वल्हेकऱ्यांनी हातांवर फटके मारले तरी ती सोडीनात, कारण ही होडी गेली की दुसरी येईल याची खात्री कोण देणार? तेव्हा माँटगोमेरींनी टबमन यांना काहीतरी गायला सांगितले. त्यांनी गाणे लावले: चला, भिऊ नका, अंकल सॅम (म्हणजे अमेरिकेचे सरकार) इतका श्रीमंत आहे की तुम्हा प्रत्येकाला शेत देईल. प्रत्येक कडव्यागणिक माणसे आनंदाने हात वर करीत, आणि हात सुटले की होड्या किनाऱ्यापासून ढकलून घेता येत. गाणे येथे शोभेचे नाही, ते हत्यार आहे. त्याने अक्षरशः होडी सोडवली. संगीतिका लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवे? पण त्यासाठी कडा धरणारे हात हवेत. गाणारी एकटी आणि समोर रिकामा मंच असेल, तर उरते ते केवळ एक गोड भक्तिगीत.

आणि त्या गाण्यातले आश्वासन पुढे कसे पाळले गेले, हेही त्याच प्रयोगात आले पाहिजे. १८६५ च्या जानेवारीत उत्तरेचे सेनानी जनरल शर्मन यांच्या हुकमाने चार्ल्सटनच्या दक्षिणेकडील बेटे आणि नद्यांकाठची सोडून दिलेली भातखाचरे मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देण्यासाठी राखून ठेवली गेली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी माफी दिलेल्या मळेवाल्यांना जमिनी परत करण्याचे धोरण घेतले. नदीकाठी टबमन यांनी खोटे गायले असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या तोंडून निघालेले वचन सरकारने मोडले, हा भार त्यांच्या पात्रावर न टाकणारे नाटक अर्धवटच राहील.

या मोहिमेविषयी आणखी एक सवय सोडायला हवी, ती श्रेय फुगवण्याची. ‘टबमन यांनी सैन्याचे नेतृत्व केले’ असे सरसकट म्हटले जाते. सेनापती माँटगोमेरी होते. टबमन यांच्याकडे खबर आणि वाटाड्यांची टोळी होती. या टोळीतील वॉल्टर प्लाउडन, आणि चार्ल्स सिमन्स व सॅम्युएल हेवर्ड हे नदीचे वाटाडे, ही नावे कागदोपत्री आलेली आहेत. या पलटणीतील सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायली चाळून इतिहासकारांनी अलीकडे त्या पहाटे पळून आलेल्या कित्येक कुटुंबांची नावे, नातीगोती आणि मळे शोधून काढले आहेत. एवढी नावे हाती असताना त्यांना पडद्यामागे ठेवून सगळे एकीच्या नावावर घालणे म्हणजे तिचा मान वाढवणे नव्हे. युद्धापूर्वी भूमिगत रेल्वेवरून सुटका केलेल्यांची संख्या ब्रॅडफर्ड यांनी ३०० च्या घरात नेली आणि नंतरच्या अभ्यासकांनी ती कागदपत्रांवरून सुमारे ७० वर आणली, तेव्हाही काही भक्तमंडळी हिरमुसली होती. पकडले जाण्याची जोखीम घेऊन, थंडीच्या रात्री, १३ खेपांत ७० माणसे आणणे ज्यांना कमी वाटते त्यांची समजूत कशाने पडेल कोण जाणे.

आता पैशाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तेथे आहे. त्या युद्धात कृष्णवर्णीय सैनिकाला महिना १० डॉलर मिळत आणि त्यांतून ३ डॉलर कपड्यांचे कापले जात, तर गोऱ्या शिपायाला १३ डॉलर मिळत. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय पलटणीने या भेदभावाविरुद्ध दीड वर्ष पगारच घेतला नाही, आणि १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, वेतन समान करावे लागले. टबमन यांचे नाव मात्र कोणत्याच पगारपत्रकावर नव्हते. त्यांच्यापाशी उत्तरेचे सेनानी जनरल हंटर यांनी १८६३ च्या फेब्रुवारीत दिलेला परवाना होता, त्यात त्यांना सरकारी जहाजांवरून हवे तेथे विनाशुल्क प्रवास करू द्यावा असे लिहिले होते. युद्ध संपल्यावर १८६५ च्या ऑक्टोबरात घरी परतताना, सैनिकांसाठीचे सवलतीचे तिकीट हातात असूनही, न्यू जर्सीत आगगाडीच्या कंडक्टरने आणि प्रवाशांनी त्यांना ओढून सामानाच्या डब्यात फेकले. त्यात त्यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली.

थकलेल्या वेतनापोटी त्यांनी १८०० डॉलरची मागणी केली होती. ती मिळाली नाही. दुसरे पती नेल्सन डेव्हिस हे सैनिक होते, त्यांच्या मृत्यूनंतर १८९५ पासून विधवा म्हणून महिना ८ डॉलर मिळू लागले. १८९८ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी आपला दावा नेमक्या शब्दांत मांडला: तीन वर्षे रुग्णालयांत परिचारिका आणि स्वयंपाकीण म्हणून केलेली सेवा, आणि आठ-नऊ माणसांच्या टेहळणी टोळीची कमांडर म्हणून केलेली सेवा. १८९९ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने रक्कम २० डॉलर केली. वाढ दिली ती शुश्रूषेच्या कामाचा विचार करून. कमांडर हा शब्द मंजुरीत कोठेच आला नाही. बाईने रुग्णाचे कपाळ पुसले हे सरकारला समजू शकत होते. तिने आठ-नऊ पुरुषांना हुकूम दिले हे समजत नव्हते, किंवा समजून घ्यायचे नव्हते.

एकपात्री प्रयोग नकळत हेच करतो. तो बाईंचे धैर्य, श्रद्धा, ममता सगळे दाखवतो, पण हुकूम द्यायला समोर माणसेच नसल्यामुळे त्यांचा कारभार दाखवू शकत नाही. वॉल्टर प्लाउडनला आज रात्री कोठे जायचे ते सांगणारी, त्याने आणलेल्या खबरीवर शंका घेणारी, दोन वाटाड्यांच्या सांगण्यातला फरक ताडून निर्णय करणारी टबमन आपल्याला दिसतच नाही. मग २०२४ च्या नोव्हेंबरात मेरीलँडच्या नॅशनल गार्डने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडिअर जनरल केल्याची बातमी आली, तेव्हा ती अनेकांना निव्वळ सन्मानाची सजावट वाटली.

मराठी वाचकाला या विषयाचे सोयर नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. ज्या वर्षी पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली गेली, त्या वर्षी टबमनबाई न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी निराधारांना घरात ठेवून घेत, मोठ्या ओढगस्तीत दिवस काढीत होत्या. फुल्यांपर्यंत ही माहिती पोहोचण्याची शक्यता नव्हती, त्यामुळे त्यांना दोष नाही. पण औदार्याने मुक्त करणारे आणि स्वतः होडीची कडा धरून मुक्त होणारे यांतील फरक आज आपल्याला माहीत आहे, आणि आज कोणी टबमन मराठी रंगभूमीवर आणू पाहील तर त्याने दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी.

आपल्याकडे सावित्रीबाईंवर एकपात्री प्रयोग झाले आणि ते प्रभावी ठरले, मग टबमनवर का नको, असे कोणी विचारील. फरक साधनांचा आहे. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या कविता आहेत, जोतीरावांना लिहिलेली पत्रे आहेत. त्यांचे ‘मी’ त्यांनी स्वतः कागदावर उतरवलेले आहे. टबमन यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे जवळजवळ प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाच्या, बहुधा गोऱ्या हितचिंतकाच्या, लेखणीतून आलेले आहे, आणि ब्रॅडफर्डबाईंनी तर ते वेड्यावाकड्या उच्चारांत लिहून काढले आहे. ब्रॅडफर्ड यांचा हेतू चांगला होता, पुस्तकाचे उत्पन्न त्यांनी टबमन यांनाच दिले. तरीही ते बोलणे प्रथमपुरुषी अस्सल आवाज म्हणून नटीच्या तोंडी जसेच्या तसे घालणे धाडसाचे आहे. त्यापेक्षा बाईंविषयी अनेक जण बोलत आहेत, भांडत आहेत, दुरुस्त करीत आहेत, लिहून घेणारी बाईसुद्धा मंचावर बसलेली आहे, असे रूप अधिक प्रामाणिक ठरेल.

असे रूप आपल्याकडे तयारच आहे. सत्यशोधक जलशात आणि पुढे आंबेडकरी जलशात गाणे, संवाद, सवाल-जबाब आणि कोरस एकत्र नांदत. शंका विचारणारे पात्र आणि उत्तर देणारे पात्र एकाच फळीवर उभे राहत. कंबीचे गाणे कोरसाला द्यावे, पेन्शनचा दावा सवाल-जबाबात मांडावा, धुलाईघरातली कुजबुज बायकांच्या तोंडी घालावी. दहा-बारा कलावंतांचा खर्च कोणत्या संस्थेला परवडणार, हा आक्षेप यावर हमखास येईल. आंबेडकरी जलशाचे शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसे खेळले ते नेपथ्य, दिवे आणि भाड्याचे नाट्यगृह यांवाचून, दिवसभराचे काम उरकून आलेल्या माणसांना घेऊन, वस्तीतल्या मोकळ्या जागेत. तेव्हा माणसे जमवण्याची अडचण खरी असेल, पैशांची सबब मात्र मला पटत नाही.